गिरणगाव, चार पिढ्या आणि १ जानेवारी १९८२

गिरणगाव म्हणजे मुंबईतला कापडगिरण्यांचा आणि गिरणी कामगारांचा भाग. पहिली गिरणी कुठं निघाली, प्लेगात काय झालं, चाळी कशा उभ्या राहिल्या हे आपल्याला माहीत आहे, त्यात शिरत नाही. गिरणगाव सांगायला एका घराच्या चार पिढ्यांची कादंबरीच का लागते, तर तिथली भरतीच घराघरातून व्हायची. जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आपल्या भागातला, त्याच्या ओळखीनं रत्नागिरीचा नाहीतर साताऱ्याचा पोरगा यायचा, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा, मग कितीतरी वर्षं बदलीवर, म्हणजे रोज गेटवर जायचं, कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. पुढं बाप थकला की पोरगा साचेखात्यात, म्हणजे मागांवर. बायको गावी शेती बघायची आणि मनिऑर्डरची वाट.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे इतिहास लिहिणाऱ्याची शेवटच्या तारखेशी पंचाईत होते. घरात मात्र तारीख असते, कुणाचा बाप आठ महिन्यांनी मान खाली घालून कामावर गेला, कुणाचा गावी गेला तो आलाच नाही.

पण खरी गुंतागुंत 'गिरणी कामगार' या शब्दाचीच आहे. मुंबईच्या १९९१च्या विकास नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला, २००१ला ते फक्त मोकळ्या जागेला लागू केले, २००६ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं, त्यामुळे घरांसाठी जमीन उरली थोडीच. मग त्यावरची घरं द्यायची कुणाला, तर १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर जो पटावर होता तो, नाहीतर त्याचा वारस. संपाचं वर्ष म्हणून ही तारीख, हे समजतं. पण तीस वर्षं साचे चालवून १९८१ला रिटायर झालेला माणूस यात कामगारच ठरत नाही, त्याचा बाप तर लांबच. मला ही रेष चुकीची वाटते, सरकारी कागदाला गिरणगाव आठवतं ते फक्त १९८२पासून, आणि आधीची सव्वाशे वर्षं आजीच्या तोंडी राहतात.

२०१२ला घरांची मोठी लॉटरी निघाली तेव्हा पुराव्यासाठी घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या, गिरणीचा लाल पास, कामगाराचा तिकीट नंबर, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, जे सापडेल ते. भाऊ भाऊ वारस कोण यावरून बोलायचे बंद झाले तेही याच काळात. कादंबरी लिहिणाऱ्यासाठी या ट्रंका म्हणजे खजिना आहे, पण त्यात न सापडणारी माणसंही आहेत. खाणावळवाली बाई, जी पहाटे उठून दहापंधरा गडी जेवू घालायची, संपात महिनोन् महिने उधारीवर घातलं, तिला तिकीट नंबर कधी नव्हताच. तिचा हिशोब कुठल्याच पटावर नाही. माझं म्हणणं, पहिलं प्रकरण तिच्यापासून सुरू करा आणि ज्यांनी तिच्याकडे जेवलंय ते गावी अजून आहेत तोवर त्यांना जाऊन विचारा.