पेठ

पेठ (स्त्रीलिंगी नाम) : बाजार, व्यापारउदीम चालणारे गाव, शहराचा स्वतंत्र नावाचा विभाग. लहान गावात ‘पेठेत जाऊन येतो’ म्हणजे बाजारात जाऊन येतो. पुण्याच्या उपनगरातला माणूस तेच वाक्य म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मुठेच्या उजव्या काठचे सगळे जुने शहर असते.

या शब्दाचे सख्खे नातेवाईक दक्षिणेत आहेत : कन्नड पेटे, तेलुगू पेट, तमिळ पेट्टै. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या बेंगळुरूच्या जुन्या भागाला आजही पेटेच म्हणतात. तिथली चिक्कपेटे म्हणजे लहान पेठ, बळेपेटे म्हणजे बांगड्यांची पेठ. होसपेटे या गावाच्या नावाचा मराठी अर्थ तर सरळ ‘नवी पेठ’, आणि नवी पेठ पुण्यातही आहे. चेन्नईत वण्णारपेट्टै ही परटांची पेठ, हैदराबादेत अमीरपेट आणि बेगमपेट. इंग्रजांनी हाच शब्द ‘पेटा’ असा उचलला आणि किल्ल्याबाहेरच्या बाजारवस्तीला लावला. १७९१ मध्ये इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेने बेंगळुरूची आधी पेठ घेतली आणि मग किल्ला. कोलंबोतल्या बाजाराचे इंग्रजी नावही हेच, मात्र सिंहली लोक त्याला ‘पिट कोटुव’, म्हणजे कोटाबाहेरची जागा, म्हणतात.

उत्तरेकडे हिंदीत ‘पैंठ’ आहे, अर्थ आठवड्याचा बाजार. त्याचे मूळ संस्कृत ‘पण्यस्थान’ असे सांगितले जाते. मराठी शब्दातला महाप्राण ‘ठ’ या हिंदी रूपाजवळचा आहे, पण ‘शहराचा विभाग’ हा अर्थ आणि गावांच्या नावाला शेवटी जोडण्याची रीत दक्षिणेची आहे. मराठीची जागा या दोन्हींच्या मधली, आणि हा शब्द ती जागा उच्चारासकट दाखवतो. पैठणचा मात्र याच्याशी संबंध नाही. ते ‘प्रतिष्ठान’वरून आले.

पेठ आपोआप होत नसे, ती ‘वसवत’. त्यासाठी सरकारातून कौल, म्हणजे अभयपत्र, मिळे, बाजाराची व्यवस्था पाहणारे शेटे-महाजन नेमले जात, नव्याने येणाऱ्या उदम्यांना काही वर्षे करांत सूट मिळे. पुण्यातल्या बऱ्याच वस्त्या पेशवाईआधीच्या, वेगळ्या नावांच्या. शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद होती, रविवार मलकापूर, सोमवार शहापूर, मंगळवार अष्टापुरा, बुधवार मोहियाबाद, शुक्रवार विसापूर. पेशवाईत त्यांना वारांची नावे मिळाली. सातारा, सोलापूर, कोल्हापूर इथेही वारांच्या पेठा आहेत, तेव्हा ही काही एकट्या पुण्याची मिरास नव्हे. माणसांच्या नावांच्या पेठाही झाल्या : सदाशिवरावभाऊंची सदाशिव, नारायणराव पेशव्यांची नारायण, नाना फडणविसांची नाना, सरदार रास्त्यांची रास्ता.

कसबा पेठ सर्वांत जुनी, आणि तिचे नाव नीट पाहण्यासारखे आहे. ‘कसबा’ अरबी, आपल्याकडे त्याचा अर्थ परगण्याचे मुख्य, बाजाराचे गाव. म्हणजे पेठेच्या आधी जवळजवळ पेठच! गंज पेठेतही तेच. ‘गंज’ फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ खजिना, इकडे धान्याचा बाजार. (जोतीराव फुल्यांचा वाडा याच पेठेत आहे, म्हणून तिला आता महात्मा फुले पेठ हे नाव आहे.) वर्तमानपत्रात रोज येणारी ‘बाजारपेठ’ याच घडणीची : फारसी बाजार आणि आपली पेठ, दोन्हींचा अर्थ एकच. परक्या शब्दाला हाकलून न देता शेजारी बसवून घेण्याची मराठीची ही सवय फार मोलाची आहे.

सावकारी व्यवहारात पेठेला आणखी एक अर्थ होता. हुंडी, म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, गहाळ झाली तर तिची जी दुसरी प्रत लिहून देत ती ‘पेठ’. तीही हरवली, तर तिसरी ‘परपेठ’. हा अर्थ आता बोलण्यातून गेला आहे.

पुण्याच्या पत्त्यात मात्र पेठ अजून काम करते. जुन्या शहरात घरांचे क्रमांक रस्त्यावर नव्हे, पेठेवर चालतात. ‘४८५’ एवढेच लिहिले तर टपाल कुठे जायचे? शनिवारात ४८५ असते, नारायणातही असते. बोलताना ‘पेठ’ हा शब्दच गळतो आणि ‘शनिवारात राहतो’, ‘सदाशिवात खोली मिळाली’ अशी वाक्ये उरतात. वाराला किंवा माणसाच्या नावाला असा ‘-त’ लागला की तो पत्ता आहे, हे पुण्यात कुणाला सांगावे लागत नाही.