जावात लॉगर स्टॅटिक ठेवायचा की नाही?

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारी पोरं प्रोजेक्टचा कोड दाखवतात तेव्हा मी पहिलं बघतो ते लॉगर कुठे ठेवलाय. लॉगर म्हणजे प्रोग्रॅम चालताना काय झालं, कुठे अडलं ते फाईलमध्ये नोंदवणारी सोय. जावात तो क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट ज्या साच्यातून बनतात त्यात, व्हेरिएबल म्हणून ठेवतात, स्टॅटिक केला तर अख्ख्या क्लासला मिळून एकच, नाहीतर त्या क्लासचा प्रत्येक ऑब्जेक्ट तो सोबत घेऊन फिरतो.

समजा पणजी-मडगाव शटलच्या तिकिटांचा प्रोग्रॅम आहे, एक तिकीट म्हणजे एक ऑब्जेक्ट. बऱ्याच जणांना वाटतं की दर तिकिटामागे नवा लॉगर तयार होतो, पण तसं नाही, लॉगबॅकसारखी लायब्ररी (लॉगिंगचा तयार कोड) एका नावाचा लॉगर एकदाच बनवते आणि पुढे तोच देत राहते, तिकिटात असतो फक्त त्याचा पत्ता. हा पत्ता सहसा ४ बाइटचा, हीप, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी, ३२ जीबीच्या वर गेली की ८ चा.

आता खरी मजा बघा. ६४ बिट हॉटस्पॉटवर, म्हणजे जावा चालवणाऱ्या नेहमीच्या इंजिनवर, नेहमीच्या सेटिंगला ऑब्जेक्टचा हेडर (जावाने स्वतःसाठी ठेवलेली माहिती) १२ बाइट घेतो आणि एकूण साइज ८ च्या पटीत जाते. तिकिटात नुसता सीट नंबर असेल तर १२ आणि ४ मिळून १६, बरोब्बर बसलं, त्यात लॉगर घातला की २० आणि ते वाढून २४! १० लाख तिकिटं मेमरीत असली तर ८० लाख बाइट फुकट गेले. पण सीट नंबरसोबत भाडं पण असेल तर आधीच २० चे २४ झालेले असतात, लॉगर त्या रिकाम्या ४ बाइटात जाऊन बसतो आणि मेमरी काडीचीही वाढत नाही. म्हणून मोजल्याशिवाय बोलू नये.

वेळेचं मात्र वेगळं आहे, दर नव्या तिकिटाला लॉगर नावाने शोधावा लागतो, स्टॅटिकमध्ये हे काम क्लास पहिल्यांदा वापरात येताना एकदाच होतं. शिवाय स्टॅटिक फायनल असला की जेआयटी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा कोड मशीनच्या भाषेत बदलणारा भाग, त्याला कायमची किंमत धरून कोड आणखी फास्ट करू शकतो.

स्टॅटिकला अडचण येते ती एकाच सर्व्हरवरची दोन-तीन ॲप्स एक लायब्ररी वाटून घेतात तेव्हा, सगळ्यांचा लॉगर एकच होतो आणि कुठल्या ॲपची नोंद कुठली ते कळत नाही. अशा ठिकाणी, किंवा ऑब्जेक्ट मोजकेच असतील तिथे, साधा, म्हणजे स्टॅटिक नसलेला, ठेवा. तिकिटासारख्या लाखांनी बनणाऱ्या वस्तूला स्टॅटिकच बरा.

आणि एक, डीबग, म्हणजे चुका शोधायच्या बारीक नोंदी, बंद असताना पण लॉगरला दिलेलं प्लसने जोडलेलं वाक्य आधी तयार होतं आणि मग फेकून दिलं जातं, त्यापेक्षा महिरपी कंस {} टाकून व्हॅल्यू वेगळी द्या, वाक्य लागेल तेव्हाच जुळतं.