पूर्णत्वाचा दाखला म्हणजे भोगवटा नव्हे

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक घराची कागदपत्रं घेऊन ऑफिसात आले. सगळी लॅमिनेशन केलेली. (कृपा करून मूळ कागदांचं लॅमिनेशन करू नका. त्यावर नंतर सही होत नाही, शिक्का बसत नाही.) "साहेब, बँक म्हणते भोगवटा आणा. मग हा काय आहे?" त्यांनी बोट ठेवलं तिथं नगरपरिषदेचा जांभळा गोल शिक्का होता. शिक्क्यात आवक क्रमांक आणि तारीख. वरचा मजकूर मात्र त्यांच्या इंजिनिअरचा: काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाले आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळावे ही विनंती. म्हणजे तो होता पूर्णत्वाचा दाखला. सहा वर्षं सर तो भोगवटा म्हणून, म्हणजे घरात राहायला हरकत नाही असं नगरपरिषदेचं प्रमाणपत्र म्हणून, कपाटात जपत होते.

छोट्या गावात नकाशे करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे वर्षातून दहा वेळा ऐकावं लागतं.

बांधकाम परवानगीबद्दल इथं सांगत बसत नाही. उतारा, नकाशा, विकास शुल्क, मुख्याधिकाऱ्यांची सही; घर बांधलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. मुदत एक वर्ष, पुढे अर्ज करून आणखी तीन वर्षांपर्यंत वाढते. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला "परवानगी लागत नाही" असं जे सांगत फिरतात त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तिथंही नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क भरावंच लागतं. पैसे भरल्याची पावती हीच परवानगी. आणि 'सीसी' हा शब्द माझ्यासमोर काढू नका. आमच्या धंद्यात सीसी म्हणजे 'कमेन्समेंट', काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र. फ्लॅट विकणारा "सीसी आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, तुम्ही ते 'कंप्लीशन' असं ऐकता.

आता मुद्द्याचं. पूर्णत्वाचा दाखला देतो मी. मी म्हणजे कामावर देखरेख केलेला आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर. तो मी मालकाच्या वतीनं नगरपरिषदेला देतो. भोगवटा प्रमाणपत्र देते नगरपरिषद, आणि ते येतं मालकाकडे. एक कागद आत जातो, दुसरा बाहेर येतो. आत जाणाऱ्यावर आवकचा शिक्का पडतो आणि त्याचा अर्थ कागद पोहोचला, एवढाच. बाहेर येणाऱ्यावर जावक क्रमांक असतो. सरांना म्हटलं, "सर, सुपरवायझरनं पेपर गोळा केला म्हणून पोरगं पास झालं का?" सर हसले नाहीत.

या दोन कागदांच्या मध्ये असते तपासणी, आणि लोक नेमकी तीच विसरतात. नगरपरिषदेचा अभियंता मंजूर नकाशा आणि टेप घेऊन येतो. घराचा रंग, फरशी, किचनचा ओटा यांत त्याला रस नसतो. तो थेट घराच्या बाजूला जातो. मागे एका घरी नकाशात बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा, दीड मीटर होतं. टेप लावली तर नव्वद सेंटिमीटर. मधल्या साठ सेंटिमीटरमध्ये जिना सरकला होता आणि जिन्याखाली न्हाणीघर झालं होतं. गवंड्यानं "सोय होईल" म्हणून बांधून दिलेलं. मालकाला यात काही वावगं वाटत नव्हतं, जागा त्याचीच होती. पण भोगवटा म्हणजे जागा कोणाची याचा निकाल नाही. मंजूर केलेलं आणि उभं राहिलेलं एकच आहे, सबब राहायला हरकत नाही, असं तो कागद म्हणतो. ते एक नसेल तर लेखी नकार येतो. मग एकतर पाडा, नाहीतर नियमात बसत असेल तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. माझं मत विचाराल तर जिना सरकवायच्या आधी सुधारित नकाशा टाका. नंतर तोच कागद दुप्पट डोकेदुखी देतो.

"एकवीस दिवसांत उत्तर आलं नाही तर आपोआप मिळतो ना?" हा दुसरा लाडका प्रश्न. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तशी तरतूद आहे. पण वाक्य तिथं संपत नाही. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असेल तर, अशी अट पुढे आहे. न्हाणीघरवाल्याला एकवीसशे दिवस थांबूनही उपयोग नाही.

गोंधळाचं सगळं खापर लोकांवर फोडणं बरोबर नाही. फ्लॅटच्या मालकीबद्दलचा १९६३ चा मोफा कायदाच स्थानिक संस्थेनं पूर्णत्वाचा दाखला दिल्याशिवाय ताबा देऊ नका म्हणतो. बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यात दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत, पण दोन्ही सक्षम प्राधिकरणाकडूनच. आमच्या गावात मात्र पहिला आमच्या सहीचा आणि दुसरा साहेबांच्या सहीचा.

घरपट्टी सुरू झाली म्हणजे घर अधिकृत झालं, हाही असाच एक समज. कर आकारणीला भोगवटा लागत नाही. अनधिकृत घरालाही कर लागतो आणि वर शास्ती, म्हणजे दंडही.

भोगवटा नसण्याची किंमत मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात दिसली. १९९७ मध्ये ताबा मिळालेले रहिवासी भोगवट्याअभावी पंचवीस टक्के जास्त मालमत्ता कर आणि पन्नास टक्के जास्त पाणीपट्टी भरत होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, भोगवटा न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी ठरवली. डिसेंबर २०२४ च्या, मेरठमधल्या अनधिकृत बांधकामावरच्या निकालात तर याच न्यायालयानं वीज-पाण्याची जोडणी हे प्रमाणपत्र पाहूनच द्या आणि बँकांनीही ते तपासूनच कर्ज द्यावं, असं सांगितलं. सरांच्या बँकेला अचानक जाग का आली, ते यावरून समजा.

सरांची फाइल काढून पाहिली. आवकनंतर पान कोरं. दाखल्यासोबत पूर्ण झालेल्या कामाचे नकाशेच जोडलेले नव्हते, त्यामुळे तपासणीची तारीखच पडली नाही, आणि कोणी विचारायलाही गेलं नाही. परवा टेप घेऊन त्यांच्या घरी गेलो. मागच्या बाजूला नकाशात मोकळी जागा. प्रत्यक्षात पत्र्याचं छप्पर, खाली धुण्याचं मशीन, कडेला तुळशीवृंदावन. पत्रा काढायला सर तयार झाले. मग वृंदावनाकडे बघत गप्प राहिले. "ते राहू दे," मी म्हटलं, "त्याला कोणी टेप लावत नाही."