कल्पक्कमच्या दोन अणुभट्ट्या: फ्रान्सची मदत कोणाला, ५०० मेगावॉट कोणाचे?

कल्पक्कमची बातमी आली की दोन अणुभट्ट्यांची हमखास खिचडी होते. एक एफबीटीआर, म्हणजे फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टर. दुसरी पीएफबीआर, म्हणजे प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिॲक्टर. दोन्हींत सोडियम, दोन्हींत प्लुटोनियम, दोन्ही चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या एकाच परिसरात. मग 'फ्रान्सच्या मदतीने उभारलेली ५०० मेगावॉटची भट्टी' असली वाक्यं बिनदिक्कत फिरतात. फ्रान्सची मदत झाली ती पहिलीला, ५०० मेगावॉट आहेत ते दुसरीचे. पहिली १९८५ साली सुरू झाली. वर्षानुवर्षं रखडली ती दुसरी.

साम्य आहे ते आधी उरकून घेऊ. नेहमीच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग पाण्याने किंवा जड पाण्याने कमी करतात. फास्ट रिॲक्टरमध्ये तो कमी करायचाच नसतो, म्हणून उष्णता वाहून न्यायला पाणी चालत नाही. तिथे वितळलेलं सोडियम खेळवतात. वेगवान न्यूट्रॉनमुळे युरेनियम-२३८ चं प्लुटोनियम होतं आणि नीट आखणी केली तर जळतं त्यापेक्षा जास्त इंधन तयार होतं, म्हणून नाव ब्रीडर, म्हणजे प्रजनक. सोडियमची खोड एकच, पण मोठी: हवा लागली की पेटतं, पाण्याशी गाठ पडली की भडकतं. जपानच्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये सोडियम गळलं, आग लागली आणि तो प्रकल्प त्यातून कधी धड सावरलाच नाही.

एफबीटीआरचं मूळ फ्रान्समध्ये आहे. १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाचा फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाशी करार झाला आणि आपले अभियंते प्रशिक्षणासाठी फ्रान्समधल्या कादाराशच्या अणुसंशोधन केंद्रात गेले. तिथे १९६७ पासून रॅप्सोदी नावाची छोटी फास्ट भट्टी चालत होती. एफबीटीआरचा आराखडा त्याच धर्तीवर केला. एक बदल मात्र मोठा होता: रॅप्सोदी वीज बनवत नव्हती, तिची उष्णता हवेत सोडून देत. आपण वाफ तयार करणारी यंत्रणा आणि टर्बाइन जोडलं. ठरलेली क्षमता ४० मेगावॉट उष्णता आणि साधारण १३ मेगावॉट वीज.

मे १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि फ्रान्सने समृद्ध युरेनियम, म्हणजे सहज विखंडन होणाऱ्या युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं युरेनियम, द्यायला नकार दिला. रॅप्सोदीच्या धर्तीच्या इंधनात प्लुटोनियम ३० टक्के आणि उरलेलं ८५ टक्के समृद्ध केलेलं युरेनियम असं ऑक्साइडच्या रूपातलं मिश्रण होतं. तसलं युरेनियम आपल्याकडे नव्हतं. म्हणजे भट्टी अर्धीमुर्धी बांधून झालेली, आणि तिच्यात घालायला इंधनच नाही.

ही गोष्ट नुसत्या स्वाभिमानाची म्हणून सांगतात तेव्हा तिच्यातलं रसायनशास्त्र हरवतं. समृद्ध युरेनियम नसेल तर प्लुटोनियमचं प्रमाण दुपटीहून जास्त वाढवावं लागतं. पण इतकं प्लुटोनियम असलेल्या ऑक्साइडचं सोडियमशी पटत नाही. मग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कार्बाइडची वाट धरली: ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड, ३० टक्के युरेनियम कार्बाइड. हा पदार्थ हवेत आपोआप पेट घेऊ शकतो, त्यामुळे त्याच्या वड्या निष्क्रिय वायू भरलेल्या बंद ग्लोव्हबॉक्समध्येच कराव्या लागतात. अशा इंधनावर अख्खी भट्टी चालवल्याचा अनुभव जगात कुणाकडे नव्हता, म्हणजे विचारायला जायचं तर कोणाकडे हाही प्रश्नच होता.

१८ ऑक्टोबर १९८५ रोजी भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. गाभा लहान होता, क्षमता कमी. दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, इंधन हलवताना इंधनकांड्यांचा एक जुडगा वाकला आणि दुरुस्तीत बराच काळ गेला. नव्या इंधनाच्या बाबतीतही सावध पवित्रा होता. सुरुवातीला टनामागे २५,००० मेगावॉट-दिवस एवढीच ऊर्जा काढायची मर्यादा घातली होती. मग एकेक जुडगा बाहेर काढायचा, तपासायचा, मर्यादा थोडी वाढवायची. असं करत हा आकडा १,६५,००० पर्यंत गेला. ठरलेले ४० मेगावॉट मात्र मार्च २०२२ मध्ये गाठले, साडेतीन दशकांनंतर. यावर कोणी नाक मुरडतं. पण ही भट्टी वीज विकायला बांधलेली नव्हती, तिचं काम इंधन आणि धातू तापवून पाहण्याचं.

पीएफबीआर वीज विकण्यासाठी आहे. ५०० मेगावॉट वीज, १,२५० मेगावॉट उष्णता. ती बांधायला २००३ मध्ये भाविनि ही वेगळी सरकारी कंपनी काढली. रचनाही निराळी. एफबीटीआरमध्ये पंप आणि उष्णता-विनिमयक मुख्य पात्राबाहेर असून नळांनी जोडलेले आहेत. पीएफबीआरमध्ये ते सगळं एकाच प्रचंड पात्रात, हजार टनांहून जास्त सोडियममध्ये बुडालेलं. इंधन कार्बाइडचं नाही, ऑक्साइडचं. ते आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला तयार होतं.

फ्रान्सची फेनिक्स भट्टी याच घराण्यातली, तरी इथे परदेशाशी करार नव्हता. भागीदार नसण्याची किंमत उशिरात मोजावी लागली, असं मला वाटतं. फ्रान्स रॅप्सोदीवरून आधी फेनिक्सच्या २५० मेगावॉटवर गेला आणि मग सुपरफेनिक्सच्या १,२०० वर. आपण १३ वरून थेट ५०० वर उडी घेतली, मधली पायरीच नाही. २००४ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच डिसेंबरात त्सुनामीचं पाणी पायाच्या खड्ड्यात शिरलं. २०१० ची मुदत केव्हाच टळली. ३,४९२ कोटींचा पहिला अंदाज ५,६७७ कोटींवर गेला आणि तिथेही थांबला नाही. गाभा भरायला सुरुवात झाली ती ४ मार्च २०२४ ला, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. दोन भट्ट्यांचं खरं नातं मात्र इंधनात दिसतं: पीएफबीआरच्या इंधनाचा नमुना आधी एफबीटीआरमध्ये तापवून, टनामागे १,१२,००० मेगावॉट-दिवसांपर्यंत नेऊन पाहिला होता.

मग आंतरराष्ट्रीय सहकार्य संपलं का? नाही, फक्त त्याचं रूप बदललं. २००९ मध्ये फेनिक्स बंद करताना फ्रान्सने शेवटच्या चाचण्या घेतल्या. पंप थांबवले तर सोडियम केवळ उष्णतेच्या जोरावर फिरत राहतं का, ही त्यातली एक. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने देशोदेशीच्या गटांना सुरुवातीची स्थिती दिली आणि चाचणीत काय झालं ते न सांगता गणित मांडायला लावलं. खरे आकडे नंतर उघड केले. कल्पक्कमचा गट त्यात होता. अमेरिकेच्या ईबीआर-२ या फास्ट भट्टीच्या जुन्या चाचण्यांवर आणि चीनच्या प्रायोगिक फास्ट भट्टीवरही पुढे असंच काम झालं, त्यातही तो होता. म्हणजे यंत्रं नाहीत, इंधन नाही, पण संगणकी प्रणाली कितपत खरी ठरते हे पडताळायला दुसऱ्याची भट्टी मिळते. पुढच्या पिढीच्या अणुभट्ट्यांवर एकत्र काम करणाऱ्या 'जनरेशन फोर' या देशांच्या गटात मात्र भारत नाही.

आणि एका बाबतीत दोन्ही भट्ट्या पुन्हा एका रांगेत येतात. २००६ मध्ये अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालू असताना प्रजनक भट्ट्याही आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणाव्यात असा दबाव होता. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी त्याला जाहीर विरोध केला. मार्चमध्ये नागरी आणि लष्करी यादी वेगळी झाली तेव्हा एफबीटीआर आणि पीएफबीआर दोन्ही तपासणीबाहेर राहिल्या. पुढच्या नागरी प्रजनक भट्ट्या तपासणीखाली येतील असं भारताने तेव्हा मान्य केलं. त्यातल्या नागरी कोणत्या, हे ठरवायचा अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवला.