सामूहिक वस्तीतला कारभार आणि नाती
नातं किंवा नोकरी म्हणून नाही तर एखादा विचार पटला म्हणून काही माणसं जमीन, पैसा, स्वयंपाकघर असं काहीबाही सामायिक ठेवून एकत्र राहायला लागतात, त्या वस्तीला सामूहिक वस्ती म्हणतात. १९१० मध्ये आजच्या इस्रायलमध्ये सुरू झालेला देगानिया हा पहिला किबुत्झ (तिथली सामूहिक शेती-वस्ती), अमेरिकेत व्हर्जिनियातलं ट्विन ओक्स (१९६७) ही यातली नेहमी घेतली जाणारी नावं.

अशा ठिकाणी तत्त्वांवरून भांडणं होतात असं बाहेरच्यांना वाटतं, पण बरेचदा विषय असतो भांडी कोण घासणार. ट्विन ओक्समध्ये म्हणून कामाचे तास मोजतात, आठवड्याला साधारण ४२, आणि त्यात स्वयंपाक, मुलं सांभाळणं हे पण विक्रीसाठी टोफू (सोयाबीनचं पनीर) बनवण्याइतकंच धरतात. हिशोब ठेवला की आपलेपणा जातो असं काही लोक म्हणतात, खरं तर हिशोब नसला की मनातल्या मनात ठेवला जातो आणि तो जास्त वाईट.

निर्णयाचं बोलायचं तर मतदानात हरलेली बाजू रुसून त्याच वस्तीत राहते, आणि सगळ्यांचं एकमत हवं म्हटलं तर एकच माणूस महिनोन्‌महिने गाडी अडवून ठेवू शकतो. यावर सोशिओक्रसी ही पद्धत बऱ्याच वस्त्यांनी घेतली. मुळात केस बुके यांनी नेदरलँड्समधल्या आपल्या शाळेत ती वापरली, मग १९७० च्या दशकात खेरार्ड एंडेनबर्ग यांनी आपल्या इलेक्ट्रिकल कंपनीत तिला पक्कं रूप दिलं. यात प्रस्ताव आवडला का असं विचारत नाहीत, यामुळे आपल्या कामाला धोका आहे का असं विचारतात, आणि हरकत घेणाऱ्याला कारण द्यावं लागतं, मग त्या कारणावरून प्रस्ताव दुरुस्त करायचा, काही महिने चालवून बघायचा आणि ठरलेल्या तारखेला परत मांडायचा. बाग, पैसे, स्वयंपाकघर यांची वेगवेगळी मंडळं असतात आणि प्रत्येक मंडळातले दोघं वरच्या मंडळात बसतात, म्हणजे निरोप एकाच माणसाच्या तोंडून जात नाही.

'आपण सगळे समजूतदार, नियम कशाला' म्हणणाऱ्या वस्तीत सत्ता नसते असं नाही, ती फक्त दिसत नाही. जुने रहिवासी आणि चांगलं बोलणारेच सगळं ठरवतात, नव्याला तर कुणाकडे तक्रार करायची तेही कळत नाही.

भांडण झालं तर आधी थेट त्याच माणसाशी बोलायचं, नाही जमलं तर दोघांना चालेल असा तिसरा बसवायचा, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं. नवीन माणूस घेतानाही घाई नको, ट्विन ओक्समध्ये आधी तीन आठवडे पाहुणा म्हणून राहावं लागतं. आणि सोडून जाणाऱ्याला त्याने घातलेले पैसे परत मिळणार का, किती आणि कधी, हेही तो आत येतानाच ठरवावं लागतं.