पार्श्वभूमी : व्हॅन गॉगचा पाऊस आणि त्याची हाताने रंगवलेली प्रत

व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘पाऊस – ओव्हेर’ (ओव्हेर हे फ्रान्समधले गाव) या चित्राची प्रत करायला घेणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. या चित्रातल्या तिरक्या सरी एका नकलेतून आल्या आहेत आणि त्यांचे मूळ जपानच्या लाकडी ठशात आहे.

१८५७ साली उतागावा हिरोशिगेने ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ या मालिकेत शिन-ओहाशी पुलावर अचानक कोसळलेली सर काढली. एदो म्हणजे आजचे टोकियो. कागद जेमतेम ३६ × २४ सेंमीचा. चित्रकाराने रेखाटन करायचे, कोरणाऱ्याने ते चेरीच्या फळ्यांवर कोरायचे आणि छापणाऱ्याने एकेक रंग कागदावर चढवायचा, अशी ही तिघांची कारागिरी. पावसाच्या रेषा किंचित वेगळ्या दोन कोनांत आहेत. त्या एकमेकींना छेदतात, म्हणूनच सर आखीव वाटत नाही, हलती वाटते. उठावाच्या ठशात केसाएवढी रेषा उभी ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकावे लागते. एवढ्या लांब रेषा न तुटता कोरणाऱ्या हाताचे मोल चित्रकाराइतकेच मानले पाहिजे.

व्हॅन गॉग १८८६ ते १८८८ पॅरिसमध्ये होता. तिथे त्याने आणि त्याचा भाऊ थिओने झिगफ्रीड बिंग यांच्या दुकानातून जपानी छापचित्रांचा मोठा संग्रह केला. १८८७ मध्ये त्याने हिरोशिगेची ही सर ७३.३ × ५३.८ सेंमीच्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवली. कॅनव्हासचे प्रमाण वेगळे होते. मूळ चित्र ताणून बसवण्याऐवजी त्याने त्याचे प्रमाण तसेच ठेवले आणि उरलेल्या कडा दुसऱ्या छापचित्रांवरून घेतलेल्या जपानी अक्षरांनी भरल्या. हिरोशिगेच्याच प्लमच्या बागेची नक्कल करताना त्याने ट्रेसिंगवर चौकटी आखल्या होत्या. ते ट्रेसिंग आजही उपलब्ध आहे. म्हणजे चौकटी आखून एकेक चौकट उतरवण्याची पद्धत कमीपणाची मानायचे काही कारण नाही.

पुढे नोव्हेंबर १८८९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने भिंतीने वेढलेल्या गव्हाच्या शेतावरचा पाऊस रंगवला आणि जुलै १८९० मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, ओव्हेरचा. हा कॅनव्हास ५० × १०० सेंमी, म्हणजे दोन चौरस शेजारी ठेवल्यासारखा. वर चढवलेले क्षितिज, खाली शेतांचे पट्टे, झाडीत बुडालेले गाव, आणि या सगळ्यावरून गेलेले तिरके फटकारे. तीन वर्षांपूर्वी जपानी ठशावरून गिरवलेली रेषा इथे त्याची स्वतःची झाली आहे. मूळ चित्र वेल्समध्ये, कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही नकलेची परंपरा जुनी आहे. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना सुरू झाला, रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून मळवलीला आला आणि रंगीत चित्रे घरोघरी भिंतींवर लागली. चित्राचा विषय पोचवण्याचे काम छपाईने उचलले. हाताने केलेल्या प्रतीकडे उरली ती रंगाची जाडी आणि ब्रशची चाल. तेवढे साधत नसेल, तर चांगला प्रिंट घेतलेला बरा.

आता प्रत्यक्ष काम. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांना एक नियम आहे: प्रत मूळ आकारापेक्षा किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी आणि मूळ सही उतरवायची नाही. तोच नियम पुण्यातही पाळावा. म्हणून ४० × ८० सेंमीचा स्ट्रेचर, म्हणजे कापड ताणून बसवायची लाकडी चौकट, घ्यावा. चारही बाजूंनी पाच सेंमी वळवायला धरून कापड ५० × ९० लागते. मूळ चित्राच्या फोटोवर १० सेंमीच्या हिशेबाने ५० चौकटी पडतात आणि कॅनव्हासवर त्याच चौकटी ८ सेंमीच्या. कोळशाने आखावे. पेन्सिलीची रेघ फिकट रंगाखालून वर दिसत राहते.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, पुढच्या थरांत जवसाचे तेल थोडे थोडे वाढवत न्यायचे. क्रम उलटला तर वरचा थर आधी आखडतो आणि कालांतराने तडकतो.

सगळ्यात जास्त प्रती बिघडतात त्या सरींपाशी. व्हॅन गॉग बहुधा ओल्या रंगावर ओला रंग देत झपाट्याने चित्र संपवी. तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्याने तसे केले तर रेषा खालचा हिरवा-पिवळा उचलते, मध्येच तुटते आणि चिखल होतो. म्हणून शेत हाताला पूर्ण कोरडे लागेपर्यंत थांबावे. मात्र फार तुकतुकीत पृष्ठभागावर पातळ रंग थेंब होऊन गोळा होतो. त्यावर उपाय म्हणजे जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात देऊन ते लगेच फडक्याने टिपून घेणे. दोन किंवा चार नंबरचा लांब केसांचा रिगर ब्रश घ्यावा, रंग ताकाइतका पातळ करावा आणि हात मनगटातून नव्हे, खांद्यातून चालवावा. पट्टी लावली की सर मेली. आधी चित्रावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून त्यावर सराव केला तर रेषांची दाटी किती हवी हे कळते. आजचा टायटॅनियम पांढरा व्हॅन गॉगच्या काळात बाजारात नव्हता. तो फार झाकतो आणि सरी खडूने ओढल्यासारख्या दिसतात. त्यात निळसर राखाडी मिसळूनच वापरावा.

पुण्याचा पावसाळा या कामाला सोयीचा नाही. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो आणि दमट, गार हवेत ती क्रिया मंदावते. उन्हाळ्यात चार दिवसांत वाळणारा थर जुलैत आठवड्याहून अधिक घेऊ शकतो. सुती कापड दमट हवेत ताण बदलते, म्हणून स्ट्रेचरच्या कोपऱ्यांतल्या पाचरी लगेच ठोकू नयेत. हवा कोरडी झाल्यावर कापड जास्तच ताणले जाते. कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवला तर मागून बुरशी धरते. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवावी.

व्हॅन गॉगच्या चित्रांवरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे. आपल्या कायद्यात तो कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रत करायला आडकाठी नाही, पण मागच्या बाजूला ‘प्रत’ हा शब्द, मूळ चित्राचे नाव, नक्कल करणाऱ्याचे नाव आणि साल न पुसणाऱ्या शाईने लिहिलेच पाहिजे. व्हार्निशची घाई करू नये. दमट दिवसांत दिलेले व्हार्निश दुधाळ पडते. जूनमध्ये संपलेल्या चित्रावर ते डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, दुपारच्या वेळी द्यावे.