टाइम ब्लॉकिंग: घटिकेपासून कॅलेंडरपर्यंत

दिवसाचे वाटे पाडायचे, एका वाट्याला एकच काम लावायचं आणि तेवढा वेळ दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, ही टाइम ब्लॉकिंगची रीत. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पोरं वहीत रंगीत पेनांनी हेच चौकोन आखतात. मोबाईलमुळे रीत नवी वाटते, एवढंच.

वेळ मोजून वाटण्याची सवय खानदेशाला पाण्याने लावली. पांझरेसारख्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. आपल्या वावरात पाणी कधी यायचं हे शेतकरी एकट्याने ठरवत नसे. पाळी आली की पाटकरी पाणी सोडी, त्याच्यावर हवालदाराची देखरेख असे आणि राखणीला जागल्या. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की वेळेचा वाटा कागदावर सोडलेला नव्हता. तो सांभाळायला माणसं नेमलेली होती.

पुढे अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगावात कापड गिरण्या आल्या आणि पाळी भोंग्यावर गेली. १९११च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगारांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२मध्ये ती ११वर आली आणि १९४६च्या दुरुस्तीने ९वर. म्हणजे आठ-नऊ तासांचा जो दिवस आपण आज चौकोनांत बसवतो, तोही कायद्याने घडवलेला आहे.

स्वतःचा दिवस स्वतः आखण्याचं जुनं आणि ठळक उदाहरण अमेरिकेतले छापखान्याचे मालक बेंजामिन फ्रँकलिन यांचं. त्यांच्या आत्मचरित्रात पहाटे ५पासूनचं वेळापत्रक आहे: ८ ते १२ काम, दोन तास वाचन, हिशेब नि जेवण, पुन्हा २ ते ६ काम. पण हे पाळणं जड गेलं, अशी कबुलीही त्यांनी तिथेच दिली आहे. छापखान्यातल्या कामगाराला असा दिवस जमेल. मालकाला मात्र गिऱ्हाईक येईल तेव्हा भेटावंच लागतं. जळगावच्या कुठल्याही दुकानदाराला हे पटेल.

१९५५मध्ये ब्रिटिश इतिहासकार पार्किन्सन यांनी मांडलं, की काम हाताशी असलेल्या वेळेइतकं पसरतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्सेस्को चिरिलो यांनी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटांचे तुकडे पाडले. (आपली घटिका २४ मिनिटांची, लग्नमुहूर्तासाठी पाण्यात तरंगत ठेवलेली छिद्राची वाटी बुडाली की ती भरे.) टाइम ब्लॉकिंग घरोघरी पोचवण्यात संगणकशास्त्राचे प्राध्यापक कॅल न्यूपोर्ट यांचा मोठा वाटा, त्यांचं ‘डीप वर्क’ २०१६चं. आखलेलं मोडलं तर उरलेला दिवस तिथल्या तिथे पुन्हा आखावा, असं ते सांगतात.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कृषिपंपाची थ्री-फेज वीज कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि दिवसाची आखणी तिच्या मागून. ज्या आठवड्यात वीज रात्रीची, त्या आठवड्यात दुपारच्या झोपेचाही एक ब्लॉक लागतो. वहीत मात्र तो कुणी लिहीत नाही.